पडितातले तित्तर

काकांनी पडितात नांगर घातला, तो दिवस सोमवार होता. महादेवाचा वार म्हणून त्या दिवशी आमच्याकडे बैल जुंपत नसत. पण अमेरिकेत लढाई चालू होती, विलायतेला वऱ्हाडचा कापूस हवा होता, आणि काकांना आता कोणताच वार आडवा येत नव्हता. बैलांच्या शिंगांना त्यांनी चांदीच्या शेंब्या बसवल्या होत्या. स्वतःच्या डोक्याला काही बसवता आले नाही.

पडीत म्हणजे बोराटीचा आणि कुसळीचा एक पट्टा. वडिलांची नजर गेली होती. अंथरुणावरून ते पहाटे तिथल्या तित्तरांची हाक ऐकत. त्यावरूनच त्यांना दिवस उगवल्याचे कळे.

तित्तर उडतो कमी, पळतो फार. उधळीची वारुळे उकरतो, धुळीत लोळतो, संध्याकाळी बाभळीवर चढून झोपतो. पण अंड्यांवर बसलेली मादी पाय अंगावर येईपर्यंत हलत नाही. नजर होती तेव्हा वडिलांनी हे मला दाखवले होते. काकांनाही दाखवले असेल. पाहायला काकांना फुरसत नसेल.

त्या चैत्रात बोराटीखाली अंडी होती. मी वडिलांना सांगितले. वडील काकांना म्हणाले, "अंडे फुटू दे बापू. वीस रोज थांब."

"थांबतो ना दादा. पण पाखराले पंख देल्ले देवानं, तुमी कावून जीव टाकून राह्यले?"

काका चार दिवस थांबले. मादी फाळाखाली गेली. उरलेले तित्तर शिवार सोडून गेले.

"आज बोलले नाही का रे?" वडील विचारत.

"वारा उलटा आहे," मी सांगे.

काकांना लाज नव्हती, पैसा होता. त्यांनी अकोल्याच्या बाजारातून पाळलेला नर पितळी पिंजऱ्यात आणून वडिलांच्या उशाशी टांगला. "घ्या दादा. आता घरातच बोलन."

जन्म शेतात गेला, तरी काकांना ठाऊक नव्हते की तित्तर दुसऱ्या तित्तराच्या उत्तरासाठी बोलतो. त्याने तीन दिवस पहाटे हाक दिली. शिवारातून उत्तर आले नाही. चौथ्या दिवशी तो गप्प राहिला.

वडिलांना सगळे कळले. "याले एकट्याले कायले आणलं?" एवढेच म्हणाले. वैशाखात ते गेले. तेराव्याच्या पंगतीत काका पानोपान सांगत होते, "दादाची हौस म्या पुरवली."

पडितात आता कापसाची पऱ्हाटी आहे. पिंजरा माझ्या खोलीत आहे. तित्तर दाणे खातो, पाणी पितो, बोलत नाही.