जिवंत नमुना

"तू ये. तुझं नाक यासाठी बरोबर आहे."

सर मला म्हणाले. नांदेडचं कॉलेज, बी.ए.चं दुसरं वर्ष, मानवशास्त्राचं प्रॅक्टिकल. हा विषय मी हट्टानं घेतलेला. माणसांचा अभ्यास असतो म्हणून.

टेबलावर प्लास्टिकच्या कवट्या होत्या. सरांनी त्या बाजूला सारल्या, मला स्टुलावर बसवलं. मोजमापाचा थंडगार चिमटा, कॅलिपर, नाकपुड्यांना लावला. मग हनुवटी धरून माझं तोंड वर्गाकडं फिरवलं. बाजारात बैलाचं फिरवतात तसं.

"बघा. रुंद नाक. कोलाम. सरकारी भाषेत आदिम जमात. पुस्तकात कशाला शोधता, आपल्याकडे जिवंत नमुना आहे."

वर्ग हसला. सरांच्या बोटांना सुपारीचा वास होता. तो माझ्या हनुवटीवर राहिला. नळाखाली घासघासून धुतलं तरी जाईना.

संध्याकाळी वर्गाच्या ग्रुपवर माझा फोटो. नाकाला कॅलिपर, खाली ओळ : 'आदिमानव सापडला'. त्याखाली हसरी तोंडंच तोंडं. जिला मी गावाकडनं रानातली गोड टेंभरं आणून द्यायचे, त्या मैत्रिणीचं पण एक.

मी गप्प बसले. शिकायचं तर एवढं सोसावं लागतं, असं वाटलं. आज त्या गप्प बसण्याची पण किळस येते.

पुढं अभ्यास सहल निघाली. इस्लापूरकडं, आमच्याच गुड्यावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर. "भाषेची अडचण नाही, दुभाषी आपल्याकडेच आहे," सर म्हणाले. दुभाषी म्हणजे मी.

बस रस्त्याला थांबली. पोरं-पोरी नाकाला रुमाल लावून उतरली. आई गेल्यावर मला जिनं वाढवलं त्या काकीच्या घरात ती बुटांसकट शिरली. चुलीपर्यंत. एकानं भाताच्या गंजावरचं झाकण उचलून आत मोबाईल धरला. काकीनं पाहुण्यांसाठी काळा चहा केला होता. नवं लुगडं नेसली होती, पोरीचे मास्तर येणार म्हणून. सरांनी कप घेतला, दारात आले आणि चहा मातीत ओतून दिला. वर पोरांना सांगितलं, "स्वच्छतेची कल्पना नसते यांच्यात. लिहून घ्या."

काकी बघत होती.

मग सरांनी पिशवीतनं पुस्तक काढलं. त्यात जुना फोटो होता, उघड्या खांद्यांच्या एका बाईचा.

"हिला सांग, ब्लाउज काढून असं नेसायला. पारंपरिक पोशाखाची नोंद हवी. मुलं बाहेर थांबतील. फोटो मी काढतो."

काकीला बाजारापुरतं मराठी येतं. ती सरांकडं नाही, माझ्याकडं बघून आमच्या बोलीत म्हणाली, "काय म्हणून राहिला गं ह्यो माणूस?"

मी सरांकडं वळले.

"मी सांगणार न्हाई," मी म्हणाले.

"काय?"

"सर, आधी तुमच्या आईला सांगा. त्यांचा असा फोटो काढून आणा. मग मी काकीला सांगते."

सरांचं तोंड पांढरं पडलं. "इंटर्नलचे मार्क माझ्या हातात आहेत, विसरू नको."

"असू द्या."

मग मी काकीला सगळं सांगितलं. शब्द न् शब्द. चहा का ओतला ते पण. तिनं ऐकून घेतलं, पदर खोचला, दारापाशी गेली आणि मोडक्या मराठीत म्हणाली, "निघा. बूट घालून आले, तसंच निघा."

सगळे निघाले. मी त्यांच्या बसमध्ये चढले नाही.

कॉलेजात बोलावणं आलं. माफी माग म्हणाले. मागितली नाही. इंटर्नलला नापास केलं. सर गोड आवाजात म्हणाले, "इतिहास घे. हे तुला झेपायचं नाही." तेव्हा उमगलं. ह्यांना मी टेबलावर चालते. टेबलाच्या पलीकडं उभी राहिलेली चालत नाही.

विषय सोडला नाही. पुन्हा परीक्षा दिली, पास झाले. आता शेवटचं वर्ष आहे. प्रकल्पासाठी मी सरांचीच कॉलनी मागितली. आडनाव ऐकून मला खोली नाकारणारी दारं तिथलीच. तिथं कामवालीचा कप संडासाच्या खिडकीत का ठेवतात, पोरीनं जातीबाहेर लग्न केलं की घरात कोण कोण बोलायचं बंद होतं, हे मला अभ्यासायचं आहे.

"हा काय मानवशास्त्राचा विषय झाला?" सर म्हणाले.

"तिथं माणसंच राहतात ना?"

प्रकल्पाच्या कागदावर त्यांनी सही अजून दिलेली नाही. न देऊ देत. मी रोज दुपारी त्या कॉलनीत जाते, भांडी घासून निघालेल्या बायांबरोबर कट्ट्यावर बसते. त्या बोलतात, मी ऐकते. बघणाऱ्यांच्या घरात आजवर कुणी बघितलं नव्हतं. मी बघणार. आणि लिहिणार, माझ्या नावानं. माझ्या लोकांचं अंग ह्यांच्या पुस्तकाला मिळणार नाही. ह्यांच्या पोटापाण्याला आमची गरिबी मिळणार नाही.

हे शास्त्र मी ह्यांच्या हातात सोडणार नाही.