सामान आलंय

चूक माझीच. 'सामान' हे नाव मीच मला ठेवलं.

लहानपणीच्या तापात पाय गेले. पुढे कृष्णपुऱ्यातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायची नोकरी लागली, तेव्हा दादा रोज मला पाठीवर घेऊन तिथल्या पायऱ्या चढायचा. लोकांनी कीव करायच्या आत त्यांना हसवावं, ही माझी हुशारी. पहिल्याच दिवशी दादाच्या खांद्यावरून ओरडलो, "सामान आलंय, उतरवून घ्या!" सगळे हसले. मालक आबासाहेब तर पोट धरून.

आबासाहेबांचे आजोबा दरबारातले. राजधानी आमचं शहर सोडून भोपाळला गेल्याचं दुःख ते अजून करत. पण माझा विनोद त्यांनी लगेच दत्तक घेतला. बडं गिऱ्हाईक आलं की हुकूम सुटायचा, सामान आत ठेवा. मग दोघं मला उचलून कागदाच्या गठ्ठ्यांमागे ठेवायचे. लग्नपत्रिकेचं शुभकाम, समोर लुळा कशाला? मी गठ्ठ्यांमागून आणखी एक विनोद करायचो. वर्षं गेली. दादाची पाठ गेली.

मग घरच्यांनी एका जुन्या तीनचाकी सायकलीला छोटं इंजिन बसवून आणलं. पहिल्याच सकाळी मी एकटा निघालो. ब्रेक कुठला हे विचारायचं राहिलं, म्हणून एका भाजीच्या टोपलीवर थांबलो. मागून टांगेवाला खेकसला, "ओ सवारी, साइड में!"

सवारी. मला. मी इतका खूश झालो की मान वळवून त्याला नमस्कार केला. मोटरस्टँडवर दोनच जाती असतात, सवारी आणि सामान. सवारी कुठे जायचं ते स्वतः सांगते. सामानाला कोण विचारतो?

छापखान्यासमोर भोंगा वाजवला. आबासाहेब पाहुण्यांना घेऊन दारात आले.

"बघा, आमचं सामान आपलं आपण आलं," ते म्हणाले. "घ्या रे उचलून, मागच्या दारानं."

सगळे हसले. सवयीनं मीही तोंड उघडलं. हसू आलंच नाही.

"मला हात लावू नका," मी म्हणालो. "पायऱ्यांवर फळी टाका. पुढच्या दारानं येईन."

"आणि नाही टाकली तर?"

"तर कामाला येणार नाही."

मला वाटलं, गडबडतील. मी त्यांचा इतक्या वर्षांचा माणूस. ते नुसतं "बरं" म्हणाले आणि पाहुण्यांना आत घेऊन गेले. फळी आत भिंतीला टेकून उभी होती. मला खालून दिसत होती.

दुपारभर बाजारात फिरलो. प्रत्येक दुकानाला पायऱ्या. काम मागायलाही वर जावं लागतं. खालून हाक मारली की दुकानदार आधी गल्ल्यात छुट्टे पैसे शोधायचे. एकानं प्रेमानं सुचवलं, भिया, खजराण्याला मंदिराबाहेर बसा, तिथे गर्दी असते.

घरी येऊन सगळं सांगितलं. पेट्रोल कुठल्या पैशातून भरायचं, ते दादाला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. काम मिळेल असं वाटत नाही, मी म्हणालो. पण कुणाच्या पाठीवर बसून आता कुठल्याही दारात जाणार नाही. मालकाला हसवायला स्वतःला विकणार नाही. उद्या पुन्हा खालूनच हाक मारीन. उपाशी राहिलो तर राहिलो.

वहिनी पोळ्या लाटत होती. तिनं मान वर केली नाही.

"भावजी, एवढं बोलायला तुम्हाला मोटर लागली?"