तेलगावचे निवृत्त बँक अधिकारी

तेलगावच्या शाळेत सातवीला मराठी शिकवणाऱ्या पौर्णिमा मॅडमना गृहपाठाचं भारी वेड. दिवाळीच्या सुट्टीतसुद्धा गृहपाठ देतात म्हणून पोरं त्यांना टरकून असत. यंदा त्यांनी ‘माझे आजोबा’ हा निबंध दिला आणि वह्या तपासायला बसल्यावर त्यांचं डोकंच गरगरलं. वर्गातल्या झाडून सगळ्या पोरांचे आजोबा निवृत्त बँक अधिकारी निघाले. सगळेच पहाटे बागेत फेरफटका मारत होते, गुलाबांना पाणी घालत होते आणि नातवंडांना शिस्तीचे धडे देत होते.

गावात बाग कसली? त्यांनी पुढच्या बाकावरच्या आरोहीला उभं केलं.

“तुझे आजोबा बँकेत कधी होते गं?”

“जातेत की मॅडम. पंख्याखाली बसायला.”

“मग हे लिहिलं कुणी?”

“एआयनं. मी नुसतं उतरवलं. अक्षर माझंच हाय.”

मॅडम खट्टू झाल्या. मशीननं लिहायचं, पोरांनी उतरवायचं, आपण लाल पेन चालवायचं. मग हा गृहपाठ हवाच कशाला? संध्याकाळी त्या तडक आरोहीच्या घरी गेल्या. तिचे आजोबा म्हाळू दारात तंबाखू मळत बसले होते. मॅडमनी तक्रार म्हणून त्यांना निबंध मोठ्यानं वाचून दाखवला. ‘शिस्तप्रिय व्यक्तिमत्त्व’ ऐकताच म्हातारबांनी तंबाखू झटकली आणि ताठ बसले.

“मॅडम, पुन्यांदा वाचा बरं तेवढं.”

दुसऱ्या दिवसापासून म्हाळू आजोबा परीटघडीचं धोतर नेसून कपाशीच्या बांधानं फेरफटका मारू लागले. घरी गुलाब नव्हता, म्हणून कुंपणाच्या कुपाटीतल्या येड्या बाभळीला तांब्यानं पाणी घालू लागले. जी तोडता तोडता गावाची कंबर मोडली, तिला पाणी! हे बघून बाकीच्या म्हाताऱ्यांनीही आपापले निबंध वाचून घेतले. पहाटे बांधावर अधिकाऱ्यांची ही रांग. एकमेकांना ते “काय साहेब” म्हणू लागले. घरी कुणी म्हैस सोडायला सांगितलं, तर “आमी रिटायर झालोत” असं उत्तर मिळू लागलं.

शेवटी म्हाळूंची बायको सरूबाई शाळेतच येऊन थडकली.

“मॅडम, आमच्या येड्यावर लिवलं, माझ्यावर कावून न्हाई? म्हस म्याच सोडायची, धारा म्याच काढायच्या!”

मॅडमना तिथल्या तिथं सुचलं. त्यांनी नवा गृहपाठ दिला, ‘माझी आजी’. आजीनं सांगायचं, नातवंडानं तिच्याच बोलीत लिहायचं आणि शेवटी आजीची सही नाहीतर अंगठा.

वह्या आल्या त्या फुगूनच. एकही आजी दुसरीसारखी नव्हती. कुणी सासूच्या नावानं कोंबडी पाळलेली, कुणी भर लग्नात रुसून बाजरीच्या कणगीत लपलेली. आरोहीनं लिहिलं होतं, ‘आजोबाला म्हशीनं दोनदा शिंगावर घेतलं. आजीनं एकदाच, पण आजोबा अजून म्हशीला भीत न्हाईत, आजीलाच भितेत.’ मॅडम हसून हसून खुर्चीतून घसरल्या. शुद्धलेखनाच्या चुकांभोवती गोल करायचंही त्यांना भान राहिलं नाही.

दुपारी म्हाळू आजोबा शाळेत हजर. चेहरा पडलेला.

“मॅडम, मशीनच बरी हो. लई इज्जतीनं लिवती.”

मॅडमनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला, आणि गृहपाठ काही बंद होणार नाही असं हसू दाबत सांगून टाकलं.