पापुद्रेबाईंची करंगळी

कामावर त्यांना खऱ्या नावाने हाक मारणारं कोणी उरलंच नव्हतं. शिकाऊ डॉक्टरांच्या कुठल्याशा जुन्या तुकडीने त्यांचं नाव पापुद्रेबाई ठेवलं आणि ते इतकं चिकटलं, की रजेच्या अर्जावर खरं नाव वाचून नवा कारकून विचारायचा, ही बाई कोण? नाव ठेवावं असंच काम होतं म्हणा त्यांचं. माणसाच्या शरीरातून तपासणीसाठी काढलेला तुकडा मेणाच्या वडीत बसवायचा, यंत्राच्या पात्यावर त्याचे पापुद्रे काढायचे आणि ते काचेवर घ्यायचे. पापुद्रा किती पातळ? एका केसाच्या जाडीचे वीस भाग करा, त्यातला एक. ज्यांना घरी बटाट्याचे काप एकसारखे जमत नाहीत त्यांनी उगाच मान डोलवू नये. या कामात बाईंची एकतीस वर्षं गेली होती.

रुग्णालयाच्या मागच्या अंगाला त्यांची खोली. एक खिडकी, एक यंत्र, एक काळ्या बुडाचं पसरट भांडं आणि त्यात कायम कोमट पाणी. पात्यावरून पापुद्रे एकाला एक जोडून फितीसारखे उतरायचे, की बाई ती फीत उचलून अलगद पाण्यावर सोडायच्या. मेण ऊब धरायचं, फीत सैलावायची, सुरकुत्या आपोआप उलगडायच्या. आणि नेमक्या तिथेच बाईंची तंद्री लागायची. डोळे उघडे, हात कामावर, आणि बाई मात्र गावाला गेलेल्या. आत कोणी येऊन "बाई, चहा" म्हणालं तरी त्या "हं" म्हणायच्या आणि चहा निवून जायचा.

तंद्रीत त्या कुठे जायच्या हे ऐकलंत तर हसाल. त्या पापुद्र्यातच शिरायच्या. समोर आतड्याचा तुकडा असला, की उंच उंच पेशी खांद्याला खांदा लावून उभ्या दिसायच्या, आलेलं अन्न गुपचूप शोषून घेणाऱ्या, आणि त्यांच्यामध्ये एखादी पोट सुटलेली, बुळबुळीत रस सोडणारी. मूत्रपिंडाच्या नळ्यांत त्या ठोकळ्यांच्या भिंतीला हात लावत चालायच्या. फुफ्फुसाच्या फुग्यांत भिंत इतकी चपटी, की श्वास पडद्यातून जावा तसा आरपार. मूत्राशयात छत खाली आलेलं असायचं, आणि पिशवी भरत गेली की तेच छत ताणून पातळ व्हायचं. सगळ्यांत आवडती जागा श्वासनळी. तिथे उभ्या पेशींच्या डोक्यावर बारीक केस असतात आणि ते सगळे एकाच दिशेला, गळ्याकडे, डुलत राहतात. नाकावाटे आत आलेली धूळ त्या डुलण्यावर बसून वर जाते. बाई त्या गवतात आडव्या पडायच्या आणि त्यांनाही कोणीतरी हळूहळू वर नेत असल्यासारखं वाटायचं.

पुस्तकात या सगळ्याला अभिस्तर ऊती म्हणतात. बाई म्हणायच्या अस्तर. शिकाऊ पोरं परीक्षेच्या आधी त्यांच्याकडेच यायची, कारण बाईंचं एक वाक्य पाठ्यपुस्तकाच्या चार पानांना भारी पडायचं. "शरीराला जिथे जिथे बाहेर आहे आणि जिथे जिथे पोकळी आहे, तिथे अस्तर आहे. पेशी एकीला एक चिकटून, मध्ये फट नाही. कुठे राखण करतं, कुठे शोषतं, कुठे गाळतं, कुठे रस सोडतं. स्वतःची रक्ताची नळी त्याला नाही. खालच्या पातळ चादरीतून झिरपून येईल तेवढ्यावर भागवतं. आणि रोज झिजतं, रोज नवं होतं."

हा अस्तर शब्द त्यांनी अक्काकडून उचलला होता. अक्का म्हणजे त्यांची बहीण, बारा वर्षांनी मोठी, कोट शिवणारी. आई गेली तेव्हा बाई चार वर्षांच्या होत्या. वडील होते, पण असून नसल्यासारखे. अक्काने शिवणयंत्र चालवलं, धाकटीला शिकवलं आणि या सगळ्यात स्वतःचं लग्न करायचं राहूनच गेलं. राहून गेलं असं अक्का म्हणायची. बाईंना ठाऊक होतं की ते राहिलं नव्हतं, अक्काने ठेवलं होतं. "कापड लोकांसाठी, अस्तर अंगासाठी," असं अक्का गिऱ्हाइकांना सांगायची आणि आतल्या बाजूला कधी हलकं कापड लावू द्यायची नाही.

बाईंच्या हातांची कातडी लहानपणापासून सोलायची. थंडी पडली की बोटांची टोकं फाटायची, तळव्याला फोड यायचे. रोज संध्याकाळी अक्का यंत्र थांबवून धाकटीचे हात मांडीवर घ्यायची आणि तेल चोळायची. तळहाताच्या फोडासारखं जपलं असं लोक नुसतं बोलायला बोलतात. इथे फोडसुद्धा खरे होते.

आता बाईंची खोड सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यापायी झालं. पाण्यावरच्या फितीची एखादी सुरकुती हट्टी असते, उलगडत नाही. ती मऊ ब्रशने सारायची असा नियम. हातमोजे घातले की फीत मोज्यालाच चिकटते, म्हणून तेवढ्या कामापुरते हात उघडे असतात, पण बोट लावायचं नाही. का, तर कातडीचा सगळ्यात वरचा थर म्हणजे नुसते सुके, चपटे, मेलेले खवले, आणि ते कायम झडत असतात. आणि बाईंची कातडी तर झडण्यात सगळ्यांच्या पुढे. पण ब्रशने जे जमायचं नाही ते त्यांच्या उजव्या करंगळीला जमायचं. एक हलका स्पर्श, आणि सुरकुती गायब. डॉक्टरीणबाई, म्हणजे काचा तपासणाऱ्या विभागाच्या प्रमुख, अधूनमधून विचारायच्या, "बाई, ब्रशच ना?" बाई म्हणायच्या, "ब्रशच." आता याला खोटं म्हणा नाहीतर कारागिराचा माज म्हणा. बाईंच्या लेखी ते दोन्हींत बसत नव्हतं.

त्या वर्षी अक्काला खोकला लागला तो जाईचना. छातीच्या फोटोत डाग निघाला. श्वासनळीतून दुर्बीण घालून तुकडा काढला. कोटांची लव आणि धागे उडतात, पन्नास वर्षं ते नाकात गेलेले, मग खोकला नाही तर काय येणार, असं अक्का म्हणाली. आणि म्हणाली, "माझा तुकडा तूच काप. परक्याच्या हातात कापड दिलेलं मला खपत नाही."

काचेवर नाव नसतं, नंबर असतो. बाईंना नंबर ठाऊक होता. घरच्या माणसाचं काम आपण करू नये हेही ठाऊक होतं. कोणाला न सांगता त्यांनी वडी यंत्रात बसवली. फीत सुरेख उतरली. पाण्यावर ठेवली, सैलावली, कडेला एक सुरकुती तशीच राहिली. मग बाई गेल्या. अक्काच्या श्वासनळीत गेल्या. गवत डुलत होतं, त्यावर रंगीत लव बसली होती, निळी, करडी, काळी, सगळ्या कोटांची, आणि गवत ती वर नेत होतं. कुठूनतरी शिवणयंत्राचा आवाज येत होता. चार वर्षांची एक मुलगी त्या गवतात झोपली होती, तिलाही ते वर नेत होतं. बाई भानावर आल्या तेव्हा फीत काचेवर घेऊन झाली होती आणि काच वाळत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. दोघींना एकाच वेळी बघता येतं अशा मायक्रोस्कोपच्या दुसऱ्या तोंडाशी त्यांना बसवलं. जांभळ्या-गुलाबी रंगात श्वासनळीचं अस्तर होतं, आणि कडेच्या अर्धवट उलगडलेल्या सुरकुतीवर चपट्या, सुक्या खवल्यांचा एक पुंजका.

"श्वासनळीत असले खवले दिसले की मला वाईट शंका येते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उभ्या पेशींच्या जागी कातडीसारख्या पेशी माजल्या असतील तर हे कर्करोगाचं लक्षण. तुकड्याच्या वर पडल्यासारखे वाटतायत खरं, पण कड मुडपली आहे, खात्री देता येत नाही. म्हणून विचारते. ब्रशच ना?"

"ब्रशच" हा शब्द एकतीस वर्षांच्या सवयीने ओठांपर्यंत आलाही. चार महिन्यांनी निवृत्ती होती. बाईंच्या हातून कधी काच बिघडली नाही, असं निरोपाच्या भाषणात म्हणायचं ठरलेलं होतं. "ब्रशच" म्हटलं की ते भाषण शाबूत राहत होतं आणि खवले अक्काचे ठरत होते. पण खरी फजिती वेगळीच होती. बोट लावलं की नाही, हे त्यांना आठवतच नव्हतं. त्या तेव्हा तिथे नव्हत्याच.

"आठवत नाही," बाई म्हणाल्या. "सुरकुती होती एवढं आठवतं. आणि ब्रशने जमलं नाही की मी करंगळी लावते. वर्षानुवर्षं लावते. तुम्हाला खोटं सांगत आले." मग त्यांनी तेही सांगून टाकलं, की ही काच त्यांच्या बहिणीची आहे.

डॉक्टरीणबाईंनी मायक्रोस्कोपवरून डोळा काढला. त्या ओरडल्या असत्या तर बरं, असं बाईंना वाटलं. अशा किती काचा असतील, असं त्यांनी विचारलं, आणि बाईंना सांगता येईना. आजवर शंका आलेल्या सगळ्या काचा पुन्हा काढून बघू, आणि बाईंनी त्या शोधायला बसायचं, असं ठरलं. बाईंनी मान हलवली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण अवलक्षण कोणाच्या वाट्याला येणार हे अजून ठरायचं होतं.

वडीत तुकडा शिल्लक होता. आणखी खोल पापुद्रे काढायचे. त्यातही खवले निघाले तर ते अक्काचे. नाही निघाले तर बाईंचे. खरं तर दुसऱ्या कोणी कापायला हवं होतं. बाईंनी विनंती केली, की अक्काने सांगितलंय. "कापा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण मी इथे उभी राहणार."

त्या दिवशी बाईंना तंद्री लागली नाही. फीत दोनदा तुटली. तिसरी पाण्यावर गेली, कडेला सुरकुती आली, आणि करंगळी आपोआप पुढे झाली. बाईंनी ती मुठीत धरून ठेवली आणि डाव्या हाताने ब्रश फिरवला. सुरकुती पुरती गेली नाही. तशीच काचेवर घेतली.

मग काच वाळायची, मेण उतरायचं, रंग चढायचा. दोन-अडीच तास. बाई खिडकीपाशी स्टुलावर बसल्या. अवघ्या नोकरीत ज्या बाईने नाकावर माशी बसू दिली नाही, ती देव पाण्यात घालून एकच मागत होती, चूक माझीच असू दे. खवले माझे निघू देत, भाषण गेलं खड्ड्यात. आणि मग ऊन सरकत टेबलावर आलं, पाण्याच्या भांड्यात उजेड हलायला लागला, आणि बाई पुन्हा त्या नळीत होत्या. या वेळी गवत दिसत नव्हतं. धुकं होतं. त्या हाताने चाचपत होत्या आणि हाताला काहीच लागत नव्हतं.

"बाई, या."

त्यांनी डोळा लावला. जांभळं-गुलाबी अस्तर, थोडं सुजलेलं. उभ्या पेशी एकमेकींना खेटून उभ्या, आणि त्यांच्या डोक्यावर ते बारीक केस, सगळे एका दिशेला झुकलेले. डॉक्टरीणबाईंनी काच या कडेपासून त्या कडेपर्यंत सरकवली, मग पुढचे पापुद्रे लावले, मग त्यापुढचे. खवला एकही नव्हता. जुन्या संसर्गाची सूज आहे, डाग त्याचाच असावा, औषध देऊ आणि दोन महिन्यांनी पुन्हा फोटो काढू, असं त्यांनी सांगितलं. "अस्तर शाबूत आहे," त्या म्हणाल्या.

बाईंचा जीव भांड्यात पडला, आणि डोळ्यांतलं पाणी मायक्रोस्कोपच्या काचेवर. ती काच डॉक्टरीणबाईंनी पुसली.

अक्का सकाळपासून बाहेरच्या बाकावर बसली होती, कुणाच्यातरी कोटाला बटण लावत. धाकटीला येताना बघून तिने सुई कापडात खोचली. बाई शेजारी बसल्या. काही नाही, नुसती सूज आहे, असं त्यांनी सांगितलं. अक्काने मोठा श्वास घेतला, त्यावर खोकली, आणि पुन्हा सुईला हात घातला.

"मग सकाळी तोंड का उतरलं होतं तुझं?"

"पहिल्या काचेवर भलतंच दिसलं होतं. कातडं होतं गं माझं. या बोटाचं. तुझ्यावर पडलं."

अक्काने कोट बाजूला ठेवला. धाकटीची करंगळी उजेडात धरून बघितली, फाटलेली, सोललेली, आणि सवयीने मांडीवर ओढून घेतली.

"आई गेली तेव्हापासून तू माझ्या अंगावरच पडली आहेस," अक्का म्हणाली. "आता डॉक्टरांनाही दिसलं."