दोन होड्यांचं गणित

कृष्णेला पूर आला तेव्हा मी सैन्याच्या इंजिनिअर्समध्ये हवालदार होतो. आमचा कॉलम, म्हणजे मदतीला निघालेली तुकडी, सांगलीजवळच्या एका गावात पोहोचला. हाताशी दोन होड्या आणि मोजके जवान. मी वडूजचा. माझ्या होडीवरचा नाईक बिरू म्हसवडजवळच्या धनगरवस्तीवरचा. दुष्काळी जोडी पुरात पाठवली, म्हणून बाकीचे आमची टर उडवत.

आमच्या कॅप्टनसाहेबांनी कॉलेजात ऑप्टिमायझेशनचं गणित शिकलेलं. छतांवरची माणसं, प्रवाहाचा जोर, इंधन, होडीला पेलणारं वजन, सगळं त्यांनी लॅपटॉपवर भरलं. अंधाराआधी जास्तीत जास्त लोक कसे निघतील, एवढाच प्रश्न. उत्तर आलं, की एका होडीने मळ्यातली माणसं मधल्या एका छतावर गोळा करायची आणि दुसरीने तिथून थेट काठावर न्यायची. उत्तर चोख होतं. आमचा वेग खरोखरच वाढला.

छत बिरूने निवडलं. जुनं धाब्याचं घर, सपाट, ऐसपैस. माणदेशात मातीच्या भिंतींची अशी घरं पिढ्यान्‌पिढ्या उभी असतात, म्हणून त्याचा त्यांच्यावर फार विश्वास. तिकडे भिंतीला पाणी टेकतच नाही, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. भिंत कशाची आहे, हे लॅपटॉपनेही विचारलं नव्हतं.

दुपारनंतर पाणी चढलं. उसातल्या ठिबकच्या नळ्या पंख्यात गुंतून दुसरी होडी बंद पडली. धाब्याच्या भिंतीचे लपके सुटून पाण्यात पडू लागले. साहेबांनी काठावरून रेडिओवर मुख्यालयाकडे आणखी एक होडी मागितली. थोड्या वेळाने पुन्हा मागितली. उत्तर आमच्या होडीतल्या सेटवर मी आणि बिरूनेही ऐकलं.

"नेगेटिव्ह. आहे त्यात भागवा. ओव्हर."

शेवटच्या फेरीला छतावरची सगळी माणसं बसली, एक ओली बाळंतीण सोडून. आणखी वजन घेतलं असतं तर होडी बुडाली असती. बिरू छतावर उतरला आणि त्याने तिला हात देऊन आपल्या जागी बसवलं. मी साहेबांना रेडिओवर कळवलं. त्याला मागे ठेवू नका, असा हुकूम आला. मी बिरूकडे पाहिलं.

"दादा, जावा. भिंत हाय अजून," तो म्हणाला.

मी गेलो. त्या धारेला होडी जेवढी पळते तेवढी पळवली. माणसं उतरवून परत आलो तेव्हा तिथे घर नव्हतं. गढूळ पाणी आणि गरगर फिरणारी एक तुळई होती. मी घसा फुटेपर्यंत हाका मारल्या. दुसऱ्या दिवशी बिरू उसात सापडला.

पुढे मी आणि साहेब वस्तीवर गेलो. बिरूच्या आईने सगळं ऐकून घेतलं.

"आवं साहेब, येवढं समदं मोजलंसा, मग आनखी एक होडी का न्हाई मागितली?"

साहेबांना मराठी येत नव्हतं. त्या माउलीपुढे खरं बोलायची माझी छाती झाली नाही. होडी वाटेत होती, असं मी सांगून टाकलं.

ती म्हणाली, "मग जरा दम धरायचा व्हता की रं त्येनं."

ते मला सोसवलं नाही. "न्हाई आई. कुटलीच होडी येनार नव्हती. मागितली, दिली न्हाई. बिरूला ते ठावं व्हतं."

नाईक बिरू उतावळा नव्हता. वस्तीवर अजून कुणी तसं म्हणत असेल, तर त्याने हे वाचावं.