एका हजेरीतल्या दोघी

"कागदावर नाव माझं आहे, चिमे!"

"आणि मार्क कुणाचे? बोल ना, ताई. गणितात एकाहत्तर कुणी पाडले?"

थोरलीने गणवेशाची गुंडी भलत्याच काजात घातली. रुग्णालयाच्या धुलाईघरात आज तिची दुपारपाळी होती. अकरा वर्षं ती तिथे धुतलेल्या चादरी इस्त्रीच्या गरम रुळांतून काढत होती. कायमची नोकरी, दहावी पासच्या दाखल्यावर मिळालेली. आणि दहावीच्या परीक्षेला ती बसलीच नव्हती.

झालं होतं असं, ती पाचवीत असताना आईने अंथरूण धरलं. आईचं करायला थोरली घरी राहिली. धाकटीचं नाव शाळेत कधी घातलंच नव्हतं, तेव्हाही वडील काही गेले नाहीत. "एकीची फी भरलीय ना? मग एक जाईल," म्हणाले. घर नुकतंच बदललेलं, शाळा नवी, ओळखणारं कुणी नाही. दीड वर्षाने लहान, ताईच्या पुस्तकांवर घरीच लिहाय-वाचायला शिकलेली चिमी बहिणीचा फ्रॉक घालून वर्गात बसली आणि बहिणीच्या नावाला 'हजर' म्हणाली. पार दहावीपर्यंत.

"तुझ्या रजेचा अर्जसुद्धा मीच लिहून देते," चिमी म्हणाली. "औषधांच्या कारखान्यात उद्या शेवटचा दिवस आहे. दहावी पास बायका घेतायत. नवरा गेल्यापासून पिशव्या शिवून डोळे फुटायची वेळ आली माझी. दे तो कागद."

"एकच बाई दोन ठिकाणी कामाला? पकडलं तर दोघी घरी बसू."

"मग तू सोड."

"वेडी आहेस का? परत दे परीक्षा. हुशार आहेस तू."

"उद्याच्या आत? आणि कुठल्या तोंडाने? माझ्या नावाने मी शाळेची पायरीसुद्धा चढलेली नाही!"

आईचं मी काढलं म्हणून तू वर्गात बसलीस, हे थोरलीच्या ओठांवर आलं होतं. पण तेही धड खरं वाटेना. चिमी शाळेतून आली की ती तिच्या वह्या चाळायची. पुढे पुढे त्यातलं काही कळेनासं झालं, तेव्हा चाळणं तिने आपणहूनच सोडलं; कुणी अडवलं नव्हतं.

"अकरा वर्षं तू घेतलीस, ताई." चिमीचा आवाज एकदम उतरला. "आता माझी पाळी. नाही का?"

थोरलीने गादीखालून दाखल्याची फाइल ओढली. चिमीने हात पुढे केला.

थोरलीने फाइल पिशवीत जेवणाच्या डब्याखाली सरकवली, चपला पायात अडकवल्या आणि बाहेर पडली.