पहिलं नाव

राजाजीनगरच्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणारे डॅनियलकाका रोज दुपारी चार वाजता फाटकाजवळ खुर्ची टाकून डोळे मिटत आणि एकेका माणसाचं नाव घेऊन प्रार्थना करत. मूळचे नगरकडचे, इथं बंगळूरच्या कारखान्यात फिटर म्हणून जन्म काढलेले. नावं तीसेक तरी असतील: इस्त्रीवाला, फुलवाली अक्का, माझी आई, मीसुद्धा. नियम एकच. मध्ये मन भरकटलं, की परत पहिल्या नावापासून.

आता बंगळूरात हे जमावं कसं? हॉर्न, कुकरच्या शिट्ट्या, पार्सलवाले, आणि सगळ्यांत मोठा उपद्रव म्हणजे मी. घरून काम करणारा, कानाला फोन लावून फाटकाशी येरझारा घालणारा. काका एक डोळा उघडून हसत म्हणत, "स्वल्प, जरासं तिकडं जा रे. तुझ्या मीटिंगमध्ये माझंच मन गुंतलं. आता परत पहिल्यापासून!"

मी चेष्टा करायचो, "काका, देवाला यादी एकदाच फॉरवर्ड करून टाका की."

"देवाला नावं पाठच आहेत. मला व्हायची आहेत."

गेल्या वर्षी त्यांचं हृदय थकलं आणि ते अंथरुणाला खिळले. बोललं की धाप लागायची. एके दिवशी चार वाजता मला बोलावून म्हणाले, "नावं तू घे. मी नुसतं आमेन म्हणतो."

मार्थाकाकूंनी नावांचा कागद हातात दिला. पहिलंच नाव मंजुनाथ. या नावाचं आमच्या गल्लीत कुणीच नाही, म्हणून मी काकूंना हळूच विचारलं.

"आमचा लेक विल्सन ज्याच्या लॉरीखाली गेला ना, तो ड्रायव्हर," काकू म्हणाल्या. "पहिली चार वर्षं ह्यांची प्रार्थना त्या नावापुढं सरकलीच नाही बघ."

माझ्या प्रत्येक फोननं या माणसाला परत त्याच नावापाशी नेऊन उभं केलं होतं, आणि दर वेळी तो हसत गेला होता! देव आहे की नाही यावर मी कॉलेजात तावातावानं भांडलेला माणूस. त्या खोलीत तोंड उघडायची माझी लायकी नव्हती.

तरी वाचायला बसलो. एकेका नावाला काकांचं क्षीण आमेन. अकराव्या नावाला खिशातला फोन थरथरला आणि माझं मन गेलंच. फोन बंद करून बाहेर ठेवून आलो.

"राहू दे रे," काका म्हणाले. "आज पुढचं नाव घे."

"नको काका. पहिल्यापासून."

मी कागद मिटला, डोळेही मिटले.

"मंजुनाथ," मी म्हणालो.

"आमेन."